एक्स-रे नॉर्मल, पण मूठ मिटत नाही

बोईसर-तारापूर पट्ट्यात कारखान्यात हाताला मार लागलेल्या माणसाच्या घरी गेले की एक वाक्य हमखास ऐकू येते. "एक्स-रे नॉर्मल आहे म्हणाले." हे ऐकून घरातली माणसे निश्चिंत होतात. हाड मोडले नाही, म्हणजे आंबेहळद-तुरटीचा लेप लावू, चार दिवस विश्रांती, सोमवारी ड्युटीवर. सुपरवायझर तेच म्हणतो, ठेकेदार तेच म्हणतो. आणि दोन महिन्यांनी तोच माणूस माझ्यासमोर हात पुढे करून बसतो. "ताई, हाड तर मोडलं नव्हतं. मग मूठ का मिटत नाही?"

नर्सिंगचा डिप्लोमा करून मी बरीच वर्षे वॉर्डात काढली आणि आता वस्त्यांमध्ये काम करते. दोन्हीकडे मला एकच गोष्ट दिसली. हाताच्या दुखापतीत आपण हाड बघतो आणि तुटलेली बोटे मोजतो. दवाखानाही तेच करतो आणि भरपाई ठरवणारे कार्यालयही तेच करते. हाडाला हाडाशी बांधून ठेवणाऱ्या दोरीची विचारपूस कोणी करत नाही. डॉक्टर तिला लिगामेंट म्हणतात, शाळेच्या पुस्तकात अस्थिबंध म्हणतात. साध्या एक्स-रेत ती दिसत नाही. पण ती तुटली, सैल पडली किंवा आखडली, तर हात कामाचा राहत नाही. आपल्या वस्तीतल्या बहुतेक घरांचे पोट हातावर आहे, म्हणून या दोरीबद्दल आपल्याला माहिती असलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

हा अंक जरा खाली ठेवा आणि एक करून बघा. उजव्या हाताची बोटे सरळ ताठ करा. डाव्या हाताने उजवी तर्जनी धरा आणि मुळाशी, म्हणजे मूठ वळल्यावर जिथे गाठी वर येतात त्या सांध्यात, डावी-उजवीकडे हलवून बघा. बोट सहज हलते. आता तोच सांधा काटकोनात वाकवा आणि पुन्हा बाजूला हलवायचा प्रयत्न करा. बोट जागचे हलत नाही, कोणी आतून कुलूप लावल्यासारखे. घरातल्या लहान पोरापासून आजीपर्यंत सगळ्यांच्या हातात हे असेच होईल.

याचे कारण हाडाच्या आकारात आहे. तळहातातल्या लांब हाडाचे डोके चेंडूसारखे पुरते गोल नसते. ते तळहाताच्या बाजूला जास्त रुंद आणि पुढे आलेले असते. त्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मजबूत लिगामेंट असते. ती हाडाच्या वरच्या, म्हणजे हाताच्या पाठीकडच्या भागापासून निघते आणि तिरपी खाली उतरून बोटाच्या पहिल्या पेराला जाऊन चिकटते. बोट सरळ असताना तिला कमी अंतर कापायचे असते, म्हणून ती सैल असते. बोट वाकले की तिला त्या रुंद भागावरून वळसा घालावा लागतो आणि ती ताणून घट्ट होते. सैल असताना बोटे फाकवता येतात, भाकरी थापता येते, लहान मुलाचे डोके अलगद धरता येते. घट्ट झाल्यावर हातोडा, पाना, घमेल्याची कडा, बादलीची कडी धरली तरी बोटे बाजूला सरकत नाहीत.

तळहाताच्या बाजूला आणखी एक भाग आहे, जाड चिवट गादीसारखा. त्याला व्होलर प्लेट म्हणतात. बोट मागे, हाताच्या पाठीकडे उलटू नये म्हणून ती अडवते. तर्जनीपासून करंगळीपर्यंतच्या चारही बोटांच्या या गाद्या एका आडव्या पट्ट्याने एकमेकींना बांधलेल्या आहेत. मधल्या दोन बोटांना दोन्हीकडून शेजार असतो, म्हणून ती सहसा निखळत नाहीत. कडेच्या तर्जनीला आणि करंगळीला एकाच बाजूचा आधार असतो. अंगठा तर या पट्ट्याच्या बाहेरच राहतो. त्यामुळे तो सगळ्या बोटांसमोर फिरू शकतो आणि त्यामुळेच त्याला दुखापतही लवकर होते.

आता मूठ का मिटत नाही, त्याकडे येऊ.

हाताला मार लागला, बोटे रोलरमध्ये ओढली गेली, वरून लोखंडी पाट पडला, की हात सुजतो. सूज पाठीच्या बाजूला जास्त येते, कारण तिथली कातडी सैल असते. या सुजेने मुठीचे सांधे आपोआप सरळ होतात आणि बोटे पुढे थोडी वाकतात. दुखते म्हणून माणूस हात तसाच लोंबता ठेवतो. त्यावर कोणीतरी लाकडी पट्टी किंवा पुठ्ठा लावून अख्खा हात तळहातापासून बोटांच्या टोकापर्यंत सपाट, सरळ बांधून टाकतो. बघणाऱ्याला बरे वाटते, हात नीट बांधला. पण वर सांगितले ते आठवा. मुठीचा सांधा सरळ असताना बाजूची लिगामेंट सैल असते. सैल पडलेली दोरी तीन-चार आठवडे सुजेच्या पाण्यात भिजत राहिली तर काय होते? काथ्याची खाट पावसात राहिली तर जे होते तेच. आखडते. पट्टी सोडल्यावर बोट वाकवायला जावे तर तिच्यात ताणायला लांबीच उरलेली नसते. हाड ठणठणीत, एक्स-रे नॉर्मल, आणि मूठ अर्ध्यावर अडते.

हे टाळण्याची रीत जगभरातल्या हाताच्या सर्जनना पक्की माहीत आहे आणि तिला पैसा लागत नाही. हात बांधायचाच असेल तर मनगट थोडे मागे, मुठीचे सांधे सत्तर ते नव्वद अंशांत वाकलेले आणि पुढची बोटे सरळ, असा बांधायचा. लहान मुलांना भिंतीवर सावलीचा नाग दाखवताना आपण हाताचा फणा करतो ना, साधारण तसा. या स्थितीत बाजूच्या लिगामेंट ताणलेल्या असतात, त्यामुळे त्या आखडून आखूड होत नाहीत. प्लास्टर तेवढेच लागते, पट्टी तेवढीच लागते. फक्त हात धरणाऱ्याला हे ठाऊक असावे लागते. नर्स, ड्रेसर, कंपाउंडर, कारखान्यातला फर्स्ट-एडवाला यांना हे एका दुपारी शिकवता येईल. तारापूर एमआयडीसीत लूमपासून प्रेसपर्यंत हात खाणारी इतकी यंत्रे असताना ही एक दुपार काढली जात नाही, याचा मला राग आहे. इथे स्फोट झाला, माणसे मेली, तर टीव्हीवाले येतात. २०२० च्या जानेवारीत आले होते. बोट आखडल्याची बातमी होत नाही.

काही गोष्टी मात्र आपल्याच हातात आहेत. मार लागताच पहिल्या पाच मिनिटांत त्या हातातली अंगठी, बांगड्या, कडे, मनगटातला धागा काढा. नंतर सूज आली की ते निघत नाही, कापावे लागते, आणि उशीर झाला तर बोटाचे रक्त तुटते. हात छातीच्या वर ठेवा. झोपताना उशीवर, बसल्यावर खांद्याशी. झोळीत हात अडकवून मनगट खाली लोंबत ठेवणे म्हणजे सुजेला आमंत्रण. जी बोटे बांधलेली नाहीत ती पहिल्या दिवसापासून हलवा, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर. "हलवू नको, दुखेल" ही घरच्यांची माया हाताला महागात पडते.

आणि मालीश. माझ्या या बोलण्याने काही जुनी माणसे नाराज होतील. हाडवैद्याकडे जाणारी माणसे अडाणी आहेत असे मी म्हणत नाही. रात्री दहा वाजता बोट मुरगळले, सरकारी दवाखाना लांब, खासगीत पाय टाकला की हजार रुपये, तर माणूस जवळच्या माणसाकडेच जाणार. पण निखळलेले बोट खेचून बसवणे हा प्रकार मुठीच्या सांध्याच्या बाबतीत फार वाईट ठरू शकतो. पडताना तर्जनी मागे उलटली की कधी कधी ती व्होलर प्लेट हाडावरून सुटते आणि सांध्याच्या दोन हाडांच्या मधोमध जाऊन बसते. हाडाचे डोके तळहातातल्या दोऱ्यांच्या फासात अडकते. आता बोट जितके ओढाल तितका फास आवळतो. बाहेरून खूण एवढीच की बोट थोडे वर उचललेले दिसते आणि तळहाताच्या कातडीला त्या जागी खळी पडते. अमेरिकेतले सर्जन कॅप्लान यांनी १९५७ मध्ये हा प्रकार नीट मांडून दाखवला. यावर बहुतेक वेळा ऑपरेशन करूनच मधली गादी बाजूला काढावी लागते. म्हणून बोटाच्या मुळाचा सांधा निखळला वाटले तर कोणालाही, अगदी माझ्यासारख्या नर्सलाही, तो ओढू देऊ नका. जसा आहे तसा आधार देऊन हाडांच्या डॉक्टरकडे न्या.

अंगठ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण ती मोटारसायकलवाल्यांची आहे. पालघर, मनोर, सफाळे, डहाणूकडून पहाटे बाइकवर बोईसरला येणारी आपली किती पोरे आहेत. पावसाळ्यात खड्डे, अंधार, रात्रपाळीची झोप. गाडी घसरते तेव्हा मूठ हॅण्डलवरच आवळलेली असते आणि अंगठा बाहेर फाकतो. अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याला तर्जनीकडच्या बाजूने जी लिगामेंट धरून असते, ती तुटते. एके काळी ही दुखापत स्कॉटलंडमधल्या शिकाररक्षकांमध्ये दिसायची. अंगठा आणि तर्जनीत सशाची मान पकडून मोडण्याच्या रोजच्या कामाने त्यांची ही लिगामेंट झिजून सैल व्हायची. १९५५ मध्ये त्यावर लिहिले गेले आणि त्याच कामावरून या दुखापतीला नाव पडले. झेल घेताना चेंडू अंगठ्यावर लागला किंवा कबड्डीत अंगठा कोणाच्या जर्सीत अडकला तरी हेच होते.

हिची ओळख अशी: अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला दुखते, सुजते, काळेनिळे पडते. चिमटीत किल्ली धरून कुलूप उघडायला गेले की जोर लागत नाही. बाटलीचे झाकण फिरवताना अंगठा बाहेर घसरतो. लिगामेंट थोडी फाटली असेल तर काही आठवडे अंगठ्याला पट्टी लावून ती जुळते. पुरती तुटली असेल तर घोटाळा होऊ शकतो. स्वीडनच्या स्टेनर या डॉक्टरांनी १९६२ मध्ये दाखवले की तुटलेले टोक कधी कधी शेजारच्या स्नायूच्या पडद्याच्या बाहेर येऊन अडकते. मग मध्ये पडदा आणि दोन टोके दोन बाजूंना. वर्षभर प्लास्टर ठेवले तरी ती जुळायची नाहीत. अशा वेळी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ऑपरेशन झाले तर अंगठा बहुधा पूर्ववत होतो. सहा महिन्यांनी गेलात तर काम अवघड आणि निकाल कमी. डॉक्टर सांध्याला बाजूला हलवून दुसऱ्या हाताशी तुलना करतात, गरज वाटली तर सोनोग्राफी किंवा एमआरआय करायला सांगतात. त्यामुळे अंगठ्याचा एक्स-रे नॉर्मल आला तरी डॉक्टरांना एवढे विचारायचे: "साहेब, लिगामेंट तपासली का?" हा उद्धटपणा होत नाही. विचारा.

मुठीच्या सांध्यावरची छोटी जखम हा आणखी एक फसवा प्रकार. भांडणात कोणाच्या तोंडावर ठोसा मारला आणि दाताने गाठीवर अर्ध्या इंचाची चीर पडली. पोरे लाजेने सांगत नाहीत, पत्रा लागला म्हणतात. मूठ वळलेली असताना दात थेट सांध्याच्या आत पोचलेला असतो आणि हात उघडल्यावर वरची कातडी सरकून ते भोक झाकते. तोंडातले जंतू आत कोंडले जातात. दोन दिवसांत सांध्यात पू होतो आणि लिगामेंटसकट सांधा खराब होतो. आयांनो, पोराला भांडणाबद्दल नंतर बोला. आधी त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि दात लागला हे खरे सांगा.

बायकांच्या हाताकडे तर कोणीच बघत नाही. पॅकिंगमध्ये आठ-दहा तास टेप ओढणाऱ्या, घरी येऊन चादरी पिळणाऱ्या बाईची बोटे दुखली की "वात आहे" म्हणून तेल चोळायचे. साधा ताण असेल तर ठीक. पण दोन्ही हातांच्या मुठीचे सांधे सुजलेले आहेत, सकाळी उठल्यावर तासाहून जास्त वेळ बोटे ताठ राहतात आणि हे सहा आठवड्यांपेक्षा जास्त चालले आहे, असे असेल तर तो संधिवाताचा र्‍हुमॅटॉइड प्रकार असू शकतो. बायकांमध्ये तो पुरुषांच्या दोन-तीन पट आढळतो. त्यात सांध्याच्या आतले अस्तर सुजते, त्या सुजेने लिगामेंट आतून ताणून ढिल्या पडतात आणि बोटे हळूहळू करंगळीच्या दिशेला कलतात. एकदा कलली की औषधाने सरळ होत नाहीत. लवकर रक्त तपासून, डॉक्टरच्या देखरेखीखाली आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्यांनी हा आजार आवरता येतो. दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी आठ दिवस छान वाटते आणि मग घात होतो.

आता कागदाचा प्रश्न. माझ्या दृष्टीने हाच या लेखातला मुख्य मुद्दा आहे.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक तक्ता जोडलेला होता. कोणता अवयव गेला तर कमाईची क्षमता किती टक्के गेली असे धरायचे, ते त्यात लिहिले होते. पूर्ण अंगठा गेला तर ३० टक्के. पूर्ण तर्जनी १४, मधले बोट १२. एका हाताची दोन बोटे गेली तर २०, तीन गेली तर ३०, चारही गेली तर ५० टक्के. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही असाच तक्ता ठेवला आहे. बोट तुटून पडले की कोणालाही मोजता येते. पण बोट जागेवर आहे, दिसायला चांगले आहे आणि वाकत नाही, त्याचे काय? तिथे आपला माणूस गप्प बसतो. समोरचा म्हणतो, "बोट आहे ना तुझं?" आणि विषय संपतो.

खरे तर तो तिथे संपत नाही. त्याच तक्त्याखाली टीप आहे की एखाद्या अवयवाचा वापर पूर्णपणे आणि कायमचा गेला, तर तो अवयव गेल्यासारखेच धरायचे. आणि वापर पूर्ण गेला नसेल, काही अंशी गेला असेल, तक्त्यात नसलेली इजा असेल, तर पात्र डॉक्टरने कमाईच्या क्षमतेचे किती नुकसान झाले ते ठरवून द्यायचे आहे. म्हणजे आखडलेल्या सांध्यालाही भरपाई आहे, ढिल्या अंगठ्यालाही आहे. पण ती मिळण्यासाठी कागदावर काहीतरी लिहिलेले लागते. "एक्स-रे नॉर्मल, फिट फॉर ड्युटी" एवढेच लिहिलेले असेल तर पुढचा डॉक्टर काय ठरवणार?

म्हणून कागदावर तीन गोष्टी लिहून मागा: मुठीचा सांधा किती अंश वाकतो, बाजूला हलवल्यावर दुसऱ्या हातापेक्षा जास्त सैल आहे का, आणि पकड किती आहे. घरी एक मोजमाप तुम्ही स्वतः करू शकता. मूठ मिटायचा प्रयत्न करा आणि बोटाचे टोक तळहातावरच्या बोटांजवळच्या आडव्या रेषेपासून किती सेंटिमीटर लांब राहते ते पोराच्या कंपासपेटीतल्या पट्टीने मोजा. (हात बघणारे बाबा त्या रेषेला काय म्हणतात ते सोडा, हाताचे डॉक्टर तिच्यापासून अंतर मोजतात.) दर रविवारी तारीख टाकून वहीत लिहा, मोबाइलवर फोटो काढा. चार आठवडे आकडा कमी होत नसेल तर व्यायाम पुरत नाही, पुन्हा दाखवायला हवे. आणि पुढे भरपाईची वेळ आली तर ही वही उपयोगी पडते.

ईएसआयचा नियम तर आणखी चांगला आहे, पण लोकांना तो माहीत नाही. कामावरच्या अपघातासाठी "अजून सहा महिने भरले नाहीत" ही सबब चालत नाही. कामाच्या पहिल्या दिवशी हात गेला तरी हक्क आहे. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम करता आले नाही, तर काम करता येत नाही तोवर रोजच्या पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते. कामगार ठेकेदाराचा असला तरी वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मूळ कंपनीवर आहे. २०१० च्या दुरुस्तीने घरून कामावर जाता-येताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, यात धरला आहे. म्हणजे पहाटे बाइक घसरून अंगठा गेलेला तो मुलगासुद्धा. कायमचे नुकसान राहिले तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवते, आणि ती पटली नाही तर अपील करता येते. इथे एकच सावधगिरी. हात बरा नसताना "जाऊ दे, खाडे होतात" म्हणून घाईने फिटनेसचा शेवटचा दाखला घेऊ नका. तो घेतला की ९० टक्क्यांची रक्कम थांबते, आणि तुम्ही बरे झालात असा कागद कायमचा तयार होतो.

ही योजना कुठून आली तेही सांगितले पाहिजे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच खात्याच्या काळात, १९४३ मध्ये, औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचे काम प्राध्यापक बी. पी. आडारकर यांना देण्यात आले. १९४४ ला त्यांचा अहवाल आला आणि त्यातूनच १९४८ चा ईएसआय कायदा उभा राहिला. जयंतीला आपण हे भाषणात सांगतो. पण त्याच मांडवात बसलेल्या किती जणांच्या खिशात ईएसआयचे कार्ड आहे आणि किती जणांचा नंबर ठेकेदाराने कधी काढलाच नाही, हे एकदा हात वर करायला लावून बघा. येत्या कार्यक्रमात पंधरा मिनिटे यासाठी ठेवावीत, अशी माझी मंडळांना विनंती आहे.

मालकांची बाजूही मी ऐकली आहे. ते म्हणतात कामगार गार्ड काढून मशीन चालवतात. काही वेळा काढतात, हे खरे आहे. पण का काढतात? नग जास्त निघावेत म्हणून, आणि नग कोणाला हवे असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यातच धोकादायक भाग झाकून ठेवण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकली होती, हेल्परवर नाही.

दुसरी अडचण उपचाराची. बोईसरमध्ये हाडांचे डॉक्टर आहेत. पण हाताची बारीक कामे करणारा सर्जन आणि त्यानंतर महिनाभर रोज बोटे चालवून घेणारा फिजिओथेरपिस्ट, या दोन गोष्टींसाठी आपली माणसे मुंबईला जातात, नाहीतर सीमा ओलांडून सिल्वासा-वलसाडला. ज्या मुंबईच्या लोकलने ती जातात, त्याच मुंबईत डॉ. बी. बी. जोशी यांनी बारीक तारा आणि सळ्यांची बाहेरून लावायची 'जेस' ही पद्धत तयार केली. या पद्धतीत लिगामेंटलाच हळूहळू ताण देऊन चुरलेली हाडे आणि आखडलेले सांधे सरळ करता येतात, आणि ती खर्चाच्या मानाने साधी आहे. इतक्या जवळ हे ज्ञान असताना, २०१४ मध्ये वेगळा जिल्हा झालेल्या पालघरमध्ये आणि एवढी मोठी एमआयडीसी असलेल्या बोईसरमध्ये, आठवड्यातून एक दिवस तरी हाताची ओपीडी आणि रोज फिजिओथेरपी का असू नये? मोठे हॉस्पिटल होईल तेव्हा होवो. ही मागणी एका खोलीची आणि दोन माणसांची आहे.

तोवर घरी करण्यासारखे: कोमट पाण्याच्या टोपात हात दहा मिनिटे बुडवा. मग दुसऱ्या हाताने आखडलेल्या बोटाचे पहिले पेर धरून फक्त मुठीचा सांधा वाकवा, पुढची बोटे सरळ ठेवून. ताण जाणवेल इतपत, कळ येईल इतके नाही. तिथे तीस आकडे मोजेपर्यंत थांबा आणि सोडा. दिवसातून पाच-सहा वेळा, दर वेळी दहादा. मळलेल्या कणकेचा गोळा दाबणे हा त्यानंतरचा व्यायाम. सांध्यात हलवायला जागा आली नसताना नुसता चेंडू दाबत राहिलात तर पुढची बोटे वाकतात आणि मुठीचा सांधा तसाच राहतो. नवीन मार, ऑपरेशन किंवा फ्रॅक्चर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काहीही सुरू करू नका.

एक गोष्ट मात्र व्यायामाने सुटणार नाही. ज्याची करंगळी आणि अनामिका पुढून वाकलेली आणि मुठीचे सांधे मागे उलटे गेलेले दिसतात, शिवाय त्या भागाला चटका लागलेला कळत नाही, त्याला लेप किंवा मालीश न करता आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. कुष्ठरोगात कोपरापाशी नस सुजून हाताचे आतले बारीक स्नायू लुळे पडतात आणि हात असा दिसतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे आणि लवकर सुरू केले तर हात वाचतो. आपल्या जिल्ह्यात हा आजार अजून आहे. शेजाऱ्याच्या हाताकडे जरा बघत जा.